शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएस: झेडपीच्या शाळेतल्या मुलाला कशाला बसवायचं आणि पैसे खात्यात कसे आणायचे

शाळा सुरू झाली की एकेक परीक्षेचे फॉर्म निघायला लागतात, आधी नवोदय (केंद्र सरकारच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा), मग एनएमएमएस (आठवीत द्यायची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा), मग राज्याची शिष्यवृत्ती, मधेच कुठल्यातरी खासगी ऑलिम्पियाडवाल्याचं रंगीत पत्रक, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालक एकमेकांना विचारत बसतात की तुमच्याला कशाला बसवताय. मग घाबरून सगळ्यालाच बसवतात. दहा वर्षांचं पोरगं, चार परीक्षा, चार गाईडं, आणि जिच्यातून खरंच पैसे किंवा फुकट शिक्षण मिळणार होतं तिचा अभ्यास अर्धा. त्यात परत पास होऊनही बऱ्याच जणांच्या खात्यात काही येत नाही, कारण पेपर चांगला गेलेला असतो पण कागद अडलेला असतो. म्हणून दोन्हीबद्दल लिहितोय, परीक्षा कुठली निवडायची ते आणि कागदांचं ते.

पहिलं काम म्हणजे शाळा कुठल्या प्रकारात मोडते ते मुख्याध्यापकांना सरळ विचारा. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, शासकीय, खासगी अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, यातलं नक्की काय. बाहेरून बिल्डिंग बघून कळत नाही, आणि "संस्थेची शाळा आहे" एवढ्यावर तर अजिबातच कळत नाही. हे विचारायचं कारण असं की एनएमएमएस फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा, सरकारी खर्चाने राहणं-जेवण असलेल्या निवासी शाळा, ही सगळी बाद. म्हणजे सातवीपर्यंत झेडपीत शिकलेलं हुशार पोरगं आठवीला हौसेने विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला टाकलं की ही शिष्यवृत्ती त्याच दिवशी गेली. टाकू नका असं म्हणत नाही, तो तुमचा निर्णय आहे, पण टाकताना एवढं माहिती असावं.

आता लहान वयातलं. नवोदयची परीक्षा पाचवीत द्यायची, निवड झाली तर सहावीपासून बारावीपर्यंत निवासी शिक्षण. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश याचे पैसे नाहीत, फक्त नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून थोडी रक्कम असते आणि त्यातूनही मुली, एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातली मुलं सुटतात. अर्जाला फी नाही. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क, त्यातले ४० प्रश्न नुसते बुद्धिमत्तेचे म्हणजे अर्धे मार्क तिथेच, बाकी २० गणिताचे आणि २० भाषेचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. मुंबई सोडली तर बहुतेक जिल्ह्यात नवोदय आहे आणि एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यामुळे स्पर्धा किती ते तुम्हीच समजा.

नवोदयच्या फॉर्ममध्ये दोन ठिकाणी लोक फसतात. एक, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात, मधे एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत पटावर नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. कामधंद्यासाठी वर्षभर शहरात जाऊन परत आलेल्या घरांनी हे आधी तपासा, दाखल्यावर काय लिहिलंय ते बघा. दोन, परीक्षेचं माध्यम. मूल मराठीत शिकतंय तर मराठीच भरा, सायबर कॅफेवाला घाईत दुसरं काहीतरी टिक करतो आणि मग पोराच्या हातात भलत्याच भाषेतली प्रश्नपत्रिका येते. आणि हो, ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी परत बघू हा प्रकार नाही.

अजून एक गोष्ट घरात बसून बोलून घ्या. नवोदयमध्ये नववीला साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, म्हणजे आपल्याकडची हिंदी पट्ट्यात आणि तिकडची इकडे. ही योजनाच आहे, शिक्षा नाही. पण जे मूल आजीच्या घरी दोन रात्री राहत नाही त्याला अकराव्या वर्षी हॉस्टेलला टाकायचं का, हा प्रश्न मार्कांच्या आधी येतो. काही मुलं तिथे फुलतात, काही सहा महिन्यात रडून परत येतात, आणि परत आलेलं मूल नापास नसतं हे नातेवाईकांना कोण सांगणार.

शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे आपली जुनी स्कॉलरशिप, १९५४-५५ पासून चालू आहे, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये शासनाने परत चौथी-सातवीला आणायचा निर्णय घेतला. त्यामुळे मोठ्या भावाचा अनुभव धाकट्याला लागू होईलच असं नाही, यंदा कुठल्या इयत्तेचा फॉर्म निघालाय ते शाळेतच विचारा. रक्कम २०२३-२४ पासून वाढलीय, खालच्या टप्प्याला वर्षाला ५,००० आणि वरच्या टप्प्याला ७,५०० रुपये. त्याआधी इतकी किरकोळ होती की बँकेत जायचं रिक्षाभाडं पण निघायचं नाही.

पेपर दोन. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० मार्क, दीड तास. गणित आणि बुद्धिमत्ता मिळून ३०० पैकी २०० मार्क होतात, त्यामुळे वेळ कुठे घालायचा ते उघड आहे. वरच्या टप्प्याच्या, म्हणजे आतापर्यंत आठवीच्या, पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच मार्क मिळतो, याचा वेगळा सराव करून घ्या, नाहीतर मूल एक गोल रंगवून खुशीत पुढे जातं. माझ्या मते पैशाचं सोडा, या परीक्षेचा खरा फायदा तयारीचा आहे. हिचा बुद्धिमत्तेचा अभ्यास नवोदयला चालतो आणि पुढे एनएमएमएसला पण चालतो. म्हणून झेडपीच्या मुलाला एकच परीक्षा द्यायची असेल तर लहानपणी ही, आणि दोन द्यायच्या असतील तर ही आणि नवोदय. तिसरी नको.

खासगी ऑलिम्पियाड, टॅलेंट सर्च वगैरे. फी द्यायची, मेडल मिळतं, फोटो निघतो. बहुतेकांतून फी, शिष्यवृत्ती किंवा प्रवेश यातलं काही मिळत नाही. हौस म्हणून द्या. सरकारची एनटीएसई म्हणजे राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा होती ती चांगली होती, पण ती २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे कोणी एनटीएसईचा क्लास विकत असेल तर त्याला आधी विचारा परीक्षा कुठे आहे.

आता एनएमएमएस, माझ्या मते सगळ्यात कामाची. आठवीत द्यायची, निवड झाली की नववी ते बारावी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत लागतं आणि सातवीत ५५ टक्के, एससी-एसटीला ५० टक्के. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. दोन पेपर, बौद्धिक क्षमता ९० प्रश्न आणि शालेय क्षमता ९० प्रश्न, प्रत्येकी ९० मिनिटं. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. दोन्ही मिळून किमान ४० टक्के, एससी-एसटीला ३२ टक्के लागतात, पण ही नुसती पात्रता झाली, निवड जिल्ह्याच्या कोट्यातून आणि आरक्षणाप्रमाणे होते. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाला कमी मार्कात लागलं आणि आपल्याला का नाही, यावर भांडत बसू नका.

अभ्यासाबद्दल एकच सांगतो. नव्वद मिनिटात नव्वद प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यात गोल रंगवायचा वेळ पण आला. घरी घड्याळ लावून जुने पेपर सोडवायला बसवा, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची सवय लावा, हुशार मुलं इथेच अडकतात, एकाच आकृतीवर सहा मिनिटं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायला सांगा आणि निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही गोल रिकामा राहता कामा नये. विज्ञान-समाजशास्त्राला वेगळं गाईड घेण्याआधी सातवी-आठवीची बालभारतीची पुस्तकं ओळ अन् ओळ वाचून घ्या, ती घरात असतात, फुकट मिळालेली असतात आणि कोणी उघडत नाही.

हे झालं परीक्षेचं. निकाल लागला, पेढे वाटले, शाळेच्या फळ्यावर नाव लागलं, आणि बरेच पालक इथेच थांबतात. खरं काम इथून पुढे. निवड झालेल्या मुलाचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावा लागतो, तो भरला नाही तर यादीत नाव असून उपयोग नाही. आधी शाळा पडताळते, मग जिल्हा पातळीवर पडताळणी होते, आणि मगच पैसे थेट खात्यात. आणि हा अर्ज दरवर्षी रिन्यू करायचा असतो. नववीला भरला, दहावीला विसरला, की त्या वर्षाचे पैसे गेले. तारखा शाळेला कळतात पण सगळ्या शाळा फोन करून सांगतीलच असं नाही, म्हणून जुलैपासून तुम्हीच दर पंधरा दिवसांनी विचारत रहा, मुख्याध्यापक वैतागले तरी चालेल.

नाव. हा सगळ्यात मोठा घोळ. शाळेच्या जनरल रजिस्टरला एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँक पासबुकावर तिसरं, आणि जन्मतारीख दोन ठिकाणी वेगळी. पोर्टल हे सगळं आधारशी जुळवून बघतं. हे निकालानंतर दुरुस्त करायला गेलात तर आधार केंद्राच्या रांगेतच शेवटची तारीख निघून जाते. सहावी-सातवीत असतानाच तिन्ही कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक आधारमध्ये असेल तर ते सोपं, शाळेच्या रजिस्टरमध्ये असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, त्याला वेळ लागतो.

खातं मुलाच्या नावाचं काढा आणि आधार त्या खात्याला नुसतं जोडलेलं पुरत नाही, सरकारी पैसे यायला त्याच खात्याचं आधार सीडिंग झालेलं लागतं, म्हणजे या आधारवरचे सरकारी पैसे याच खात्यात टाका अशी नोंद. बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारलं की हो म्हणतात, तुम्ही "डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग या खात्याला आहे का" असं विचारा. मुलाच्या नावाची दोन खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात पडलेले असतात आणि लोक वर्षभर शाळेला शिव्या देत बसतात. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पण चालतं, ते काढायला पोस्टमन गावात येतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो, सेतूमधून किंवा आपले सरकार केंद्रातून काढा, फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जत्रा असते.

एक दुर्लक्षित गोष्ट. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा समाजातलं मूल एनएमएमएसला पात्र ठरलं पण निवड यादीत आलं नाही, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ८०० म्हणजे वर्षाला ९,६००, ती पण नववी ते बारावी. अर्ज शाळेमार्फत जातो. यादीत नाव नाही म्हणून निकालाची प्रिंट फेकून देऊ नका, तीच लागते.

थोडं शाळेच्या पैशाबद्दल पण बोलू, कारण पालकांना वाटतं शाळेकडे काही नसतंच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे, ३० पर्यंत मुलं असतील तर १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, आणि त्याच्यावर हजारापर्यंत ७५,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, खडू-डस्टर, शैक्षणिक साहित्य. रक्कम फार नाही, ते कबूल. पण तो खर्च कसा करायचा हे शाळा व्यवस्थापन समितीत ठरतं आणि शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश लोक पालक असतात आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत. म्हणजे मिटिंगला जाऊन नुसती सही करून परत येऊ नका. शिष्यवृत्तीच्या सराव पेपरच्या झेरॉक्स शैक्षणिक साहित्यात बसवता येतात का, जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच शाळेत ठेवता येतो का, हे तिथे विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. चाळीस पालकांनी चाळीस गाईडं घेण्यापेक्षा ते बरं.

आणि दहावीला एनएमएमएसवाल्या मुलांनी एक आकडा डोक्यात ठेवायचा, ६० टक्के. शिष्यवृत्ती अकरावी-बारावीला चालू रहायला दहावीत तेवढे लागतात, एससी-एसटीला पाच टक्के सूट. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जायला लागतं. पुढे अकरावीच्या प्रवेशात परत तोच सुरुवातीचा प्रश्न येतो, कारण बारावीपर्यंत अनुदानित किंवा शासकीय ठिकाणीच शिकावं लागतं आणि आपल्याकडे एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते, गेट एकच, वर्ग शेजारी शेजारी. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे, पसंतीक्रम टाकताना कॉलेजच्या नावापुढे तुकडीचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय क्रमांक टाकू नका.