स्पीकरमधील घुमणे कसे थांबले: माझा अनुभव

नांदेडला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या पटांगणावर सुगम गायनाची मैफल उभी करण्याचे काम मी अंगावर घेतले. गायकाची तारीख ठरवून विसार दिला, परंतु वाद्यांची यादी मागितलीच नाही. परिणामी ऐनवेळी कीबोर्ड आला, त्याला वेगळ्या जोडणीतून वीज दिली गेली आणि ध्वनिचाचणीतच स्पीकर घुमू लागले. कीबोर्डची वायर काढली की आवाज थांबे. यावरून दोष मिक्सरचा (सर्व माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राचा) नसून, दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकामुळे वायरच्या कवचातून वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे, हे लक्षात आले. एकाने प्लगची अर्थिंगची पिन काढण्यास सुचवले. कलाकाराच्या जिवाला त्यात धोका असल्याने मी ठाम नकार दिला. मिक्सर व कीबोर्ड यांना एकाच वितरण पेटीतून वीज देऊन मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) बसवला, त्याचा ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नलच्या वायरच्या कवचाची जोडणी तोडणारा स्विच) सुरू केला आणि घुमणे पूर्ण थांबले. मात्र यात पाऊण तास गेला. रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करणे बंधनकारक असल्याने भैरवीपूर्वीच्या दोन रचना गाळाव्या लागल्या, याचे मला आजही वाईट वाटते. आता विसार देण्यापूर्वीच वाद्ये, माइक, वीजजोडण्या आणि वेळा मी लेखी मागून घेतो.