फ्लॅटहेड सिक्सला दुसऱ्या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर बसवताय? या चुका टाळा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या डॉज, प्लिमथ, फार्गो गाड्या अजून काही जणांनी जपून ठेवल्यात. त्यांच्या क्रायस्लर फ्लॅटहेड सिक्सचा (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं सहा सिलिंडरचं जुनं इंजिन) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क पोचवणारा भाग, मात्र एव्हाना घासून ढिला झालेला असतो, शाफ्ट बोटाने हलवला तरी पॉइंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप कमीजास्त होतो. मग लोक क्रायस्लरच्याच स्लँट सिक्सचा (नंतरचं, तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन) शोधतात. माझ्या मते निवड बरोबर आहे, कारण दोन्हीची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४ आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा तुकडा) दोन्हीकडे घड्याळाच्या दिशेने फिरतो. उलटा फिरणारा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, वायरी बदलून गाडी चालू होईल पण वेग वाढला की टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) पुढे जायच्या ऐवजी मागे येईल.

पहिली गडबड होते शाफ्टच्या खालच्या टोकाला. स्लँट सिक्सला तिथे गिअर असतो आणि फ्लॅटहेडला चपटी जीभ, जी ऑइल पंपाच्या शाफ्टच्या खाचेत बसते. टर्नरकडून जीभ करून घेताना ती जरा जरी लांब झाली तर बोल्ट आवळल्यावर शाफ्ट पंपावर दाबून बसतो. म्हणून आवळायच्या आधी बघा, बॉडी ब्लॉकला पूर्ण टेकलीय ना आणि शाफ्ट वरखाली किंचित हलतोय ना.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डिग्रीत! डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे आतल्या अॅडव्हान्सच्या (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणाऱ्या) भागावर १३ कोरलेलं असेल तर क्रँकला ते २६ होतात. त्यात आयडलला १० ठेवले की ३६, वर इंजिनच्या व्हॅक्यूमने वाढणारे वेगळेच. सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळते, म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि घाटात लोड आला की स्पार्क फार लवकर पडल्याने इंजिनची टकटक सुरू. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला अॅडव्हान्सचा तक्ता समोर ठेवा आणि टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) लावून वेगवेगळ्या आरपीएमला मोजा, नुसत्या कानावर जाऊ नका.

टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) शोधायला स्पार्क प्लगच्या भोकातून तार घालू नका, फ्लॅटहेडमध्ये प्लग व्हॉल्व्हच्या बाजूला असतो. सहा नंबरच्या पिस्टनवर हेडमध्ये एक छोटा पाइप प्लग आहे, तो काढून सळई घाला. एक आणि सहा एकदमच वर येतात, तेव्हा एक नंबरला कॉम्प्रेशन आहे ना हे प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघा.

रोटर आणि कॅपचं (डिस्ट्रिब्युटरच्या वरच्या झाकणाचं) जुळणंही कुणी तपासत नाही. जुन्या कॅपला खिडकी पाडा, इंजिन चालू करून टायमिंग लाइट मारा, स्पार्क पडतो तेव्हा रोटरचं टोक टर्मिनलसमोरच हवं.

आणि वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरी बघा. १९५५ पर्यंतच्या बऱ्याच क्रायस्लर गाड्या ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेल्या) आहेत. स्लँट सिक्सचा इलेक्ट्रॉनिक सेट (पॉइंटऐवजी मॉड्यूल असलेला) १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थवर चालतो, उलटा जोडला की मॉड्यूल जळतं. गाडी ६ व्होल्टच ठेवायची असेल तर पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर घ्या, गॅप ०.०२० इंच.