एनएफएस माउंट होतं, पण व्हीएमची डिस्क कॉपी करताना लटकतं

एनएफएस शेअर (स्टोरेजवरचं, नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) होस्टवर (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) माउंट व्हायचं, छोट्या फाइल्स जायच्या, पण व्हीएमची डिस्क टाकायला घेतली की सगळं ठप्प. परमिशन, फायरवॉल, केबल सगळं बघून डोकं पार पिकलं. शेवटी होस्टवरून स्टोरेजला 'डोन्ट फ्रॅगमेंट' (पॅकेटचे तुकडे करू नको) लावून पिंग मारला, १४७२ साइज जाते, ८९७२ जात नाही (९००० मधून हेडरचे २८ बाइट वजा), म्हणजे दोन्ही टोकांना जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेट) चालू आणि मधला स्विच १५०० वरच! मग आधी व्हीएम बंद केले, शेअर अनमाउंट केलं, स्विचचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) ९२१६ केला (बरेच स्विच इथरनेट हेडर धरून मोजतात म्हणून आकडा मोठा), होस्टचं नेटवर्क कार्ड आणि त्यावरचा ब्रिज (होस्टमधला सॉफ्टवेअरचा स्विच) दोन्ही ९००० आहेत ना ते तपासलं, ब्रिज बरेचजण विसरतात, परत ८९७२ चा पिंग, तो गेल्यावरच माउंट. कॉपी सुरळीत.