रेव्हिटमध्ये रूमचा व्हॉल्यूम चुकतोय? कौलारू घराच्या मॉडेलमध्ये या चुका टाळा

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट स्लॅबच्या फ्लॅटमधल्या रूमचा व्हॉल्यूम (घनफळ) थोडा चुकला तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गोव्यातल्या जुन्या कौलारू घराचं मॉडेल करायला घेतलं की मात्र गडबड सुरू होते. आढं उंच, पाखी उतरती, मध्ये राजांगण (उघडा चौक), पुढे बाल्कांव (दारापुढची बसायची जागा). आणि शेड्यूलमध्ये, म्हणजे रूमच्या तक्त्यात, आकडा असा येतो की एसीवाला फोन करून विचारतो, 'हे बरोबर आहे ना?'

व्हॉल्यूमच्या रकान्यात 'नॉट कम्प्युटेड' दिसत असेल तर घाबरू नका. रूम अँड एरिया पॅनलच्या खालच्या बाणात 'एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स' आहे. तिथे 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' निवडा. हा पर्याय मुळात बंदच असतो.

खरी चूक पुढची. पर्याय चालू झाला, आकडा आला, की लोक तो उचलून मोकळे होतात. रूमची उंची तिच्या 'अपर लिमिट' (जिथून मोजायचं ती लेव्हल, इथे खोलीचाच मजला) आणि 'लिमिट ऑफसेट' (त्या लेव्हलपासून किती वर) यांवर ठरते. ऑफसेट छपराच्या खालीच थांबला, तर रूमचा माथा तिथेच सपाट कापला जातो आणि वरचा त्रिकोण हिशेबातच येत नाही. समजा खोली ६ बाय ५ मीटर, वळचणीला उंची ३ मीटर, आढ्याला ५, आणि आढं ५ मीटरच्या बाजूला समांतर. खरा व्हॉल्यूम १२० घनमीटर. ऑफसेट ३ मीटर ठेवलात तर येतो ९०. चौथा हिस्सा गायब! तासाला ६ वेळा हवा बदलायची म्हटली, तर ७२० घनमीटरऐवजी ५४० घनमीटरचा पंखा मागवला जाईल. उपाय सोपा: ऑफसेट आढ्याच्याही वर न्या. छप्पर 'रूम बाउंडिंग', म्हणजे रूमला अडवणारं, असेल तर रूम आपोआप कौलांच्या उताराखाली थांबते.

पकडायची युक्ती अशी. व्हॉल्यूमला क्षेत्रफळाने भागा. सरासरी उंची मिळते. वरच्या उदाहरणातल्या खोलीत ती ४ मीटर यायला हवी. उत्तर लिमिट ऑफसेटइतकंच तंतोतंत आलं, तर रूमला छप्पर भेटलेलंच नाही. हाच भागाकार नियमांसाठीही उपयोगी पडतो, कारण नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये उतरत्या छपराच्या राहत्या खोलीसाठी सरासरी उंची किमान २.७५ मीटर मागितली आहे. फक्त आधी क्षेत्रफळ भिंतीच्या फिनिशपासून मोजलं जातंय ना ते बघा. सेंटरपासून मोजलं तर जाड चिऱ्याची अर्धी भिंत क्षेत्रफळात शिरते.

ऑफसेट वाढवूनही रूम कौलांतून वर डोकावते? मग छपराच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रूम बाउंडिंग'ची टिक गेली असेल, किंवा छप्पर स्केचअपसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेलं असेल. आयात केलेली भूमिती रूमला अडवत नाही. तिथे रेव्हिटचंच साधं छप्पर काढावं लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मॉडेल लिंक केलं असेल तर त्या लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्येही ही टिक लागते, नाहीतर खालची खोली त्याच्या स्लॅबमधून थेट वरच्या मजल्यावर. उलटही होतं. लाकडी सीलिंग बाउंडिंग असेल तर व्हॉल्यूम त्याच्याखालीच थांबतो. एसीच्या हिशेबाला बहुधा तेच हवं असतं, म्हणून ती टिक उगाच काढू नका.

राजांगणात रूम टाकायचीच असेल तर एक लक्षात ठेवा: वर आकाश आहे. अडवणारं काही नसल्यामुळे रूम अपर लिमिटपर्यंत जाते आणि तिचा व्हॉल्यूम निव्वळ काल्पनिक असतो. एकूण बेरजेतून तो वगळा. राजांगणाभोवतीचा सोपा (ओसरी) आणि बाल्कांव यांना पुऱ्या भिंती नसतात, म्हणून तिथे 'रूम सेपरेटर', म्हणजे रूमची हद्द दाखवणारी रेघ, ओढावा लागतो.

हे सगळं बघायचं कुठे? प्लॅनमध्ये तर नाहीच. आढ्याला काटकोनात सेक्शन (उभा छेद) घ्या, व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये 'रूम्स' उघडून 'इंटिरियर फिल' लावा, किंवा सेक्शनलाच कलर स्कीम द्या. रंग कौलांना भिडलाय की मध्येच सपाट थांबलाय, ते एका नजरेत कळतं. माझ्या मते हा सेक्शन पाहिल्याशिवाय शेड्यूल कुणालाही पाठवूच नये.

थ्रीडी व्ह्यूमध्ये रूम शोधत बसू नका. रेव्हिट तिथे रूम दाखवतच नाही. डायनॅमोने (रेव्हिटमधल्या स्क्रिप्टिंगच्या साधनाने) रूमचे सॉलिड काढता येतात, किंवा आयएफसी (सगळ्या सॉफ्टवेअरना चालणारा मॉडेल फाइलचा प्रकार) एक्सपोर्ट करून व्ह्यूअरमध्ये बघता येतं. व्ह्यूअरमध्ये काहीच दिसलं नाही तर 'स्पेसेस' (आयएफसीमध्ये रूमचं नाव) लपवलेल्या आहेत का ते तपासा. आर्किकॅड हे दुसरं मॉडेलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं बरं आहे. त्यांच्या झोनला (तिथल्या रूमला) मुळातच थ्रीडी शरीर असतं, आणि ते दिसत नसेल तर 'फिल्टर अँड कट एलिमेंट्स इन थ्रीडी'मध्ये झोनची टिक लावली की काम होतं.

मॉडेल मोठं असेल तर आकडे काढून झाल्यावर पुन्हा 'एरियाज ओन्ली' करा, नाहीतर प्रत्येक भिंत हलवताना फाइल रेंगाळेल.