प्रेमभंगानंतर देवाकडे वळताय? मग या चुका टाळा

साखरपुडा मोडला किंवा चार वर्षांचं जमलेलं फिसकटलं, की चर्चमधली मुलं दोन टोकं गाठतात. काही जण रविवारी यायचंच बंद करतात. काही जण एकाएकी इतके धार्मिक होतात की आईवडील घाबरतात. पहिल्यांची मला फार काळजी नाही, ते बहुतेक परततात. हे लिहितेय दुसऱ्यांसाठी, कारण तरुण संघाचं काम बघताना त्याच त्या चुका बघून वैताग आलाय.

वचनाची सोडत काढू नका

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे वचन निघेल तो देवाचा निरोप समजायचा. ही खोड सगळ्यात वाईट.

आमच्या एका मुलाचं सांगते. साखरपुडा झालेला, हॉलला ॲडव्हान्स दिलेला, आणि मुलीकडून नकार आला. याचं बोट पडलं यिर्मया 29:11 वर. देवाच्या मनातले हिताचे संकल्प, भविष्याची आशा वगैरे. झालं! ते वचन स्टेटसला, आरशावर, गाडीच्या टाकीवर. शुक्रवारचा उपवास सुरू केला, तोही पाण्याशिवाय आणि तोही मे महिन्यात. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसवर, आणि हा पठ्ठ्या दिवसभर गाडीवर फिरतीच्या कामात. बर्डीला भर दुपारी चक्कर येऊन पडला, सलाइन लागली. भेटायला गेले तर म्हणतो, "ताई, देवानं सांगितलं ना मला, ती वापस येणार आहे म्हणून."

मी विचारलं, त्याच्या आधीचं वचन वाचलंस का? नव्हतं वाचलं. दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा हिशेब आहे. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र. घरं बांधा, बागा लावा, तिथेच संसार करा, असं त्यात आधी सांगितलंय. मोडलेला साखरपुडा जुळण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. पण ऐकतो कोण!

मग एका रविवारी उपासनेत सूचना वाचायला घेतल्या. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचली जातात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. त्यात तिचं नाव आलं, दुसऱ्याच मुलाबरोबर. हा गाणाऱ्यांमध्ये पुढे उभा होता. पुढचं गीत सुरू झालं, संपलं, याच्या हातातल्या पुस्तकाचं पान मागच्याच गीताचं. त्यानंतर बरेच महिने तो दिसला नाही. राग मुलीवर नव्हता, देवावर होता. देवाने कधी दिलंच नव्हतं, ते वचन मोडल्याचा राग!

म्हणून मी कोणाला वचन शोधायला लावत नाही, वही देते. रोज रात्री बायबलातलं स्तोत्र 13 हाताने उतरवायचं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? शेवटी तो गायला लागतो, पण तुम्हाला तिथवर जाववत नसेल तर दुसऱ्या वचनाशी थांबा. मी वही तपासत नाही. आठवड्याभरात "ताई, काहीच फरक नाही" म्हणत येणाऱ्यांना मी स्तोत्र 88 देते. त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, तरी ते बायबलात आहे. घाई असणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

माइक हातात घेण्याची घाई

महिनाही होत नाही आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभे राहतात. "प्रभूने मला पूर्ण बरं केलं, मी तिला क्षमा केली." टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांमुळेच पुढे अडकायला होतं. एकदा बरे झालो म्हणून जाहीर केलं, की रात्री दोन वाजता रडू आल्यावर फोन कोणाला करणार?

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. ती सगळी कहाणी छापून यायला लागली 1934 पासून. मधे जवळजवळ चार दशकं गेली, आणि म्हणूनच त्यांना त्या दुःखावर हसता आलं. तुमची साक्ष निदान पुढच्या नाताळापर्यंत थांबू द्या. क्षमेचंही तेच. येशूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलंय, ती एका दमात आटोपण्याची माझी तरी अपेक्षा नाही. आणि क्षमा केली म्हणून तिच्या लग्नात जाऊन पंगत वाढायची गरज नाही.

बाकीच्या, थोडक्यात

चर्च बदलून पळू नका. सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळे चर्चपंथ, एकत्र येऊन 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते याच शहरात, तेव्हा सदरपासून मोहननगरपर्यंत आपल्याला चर्चची वाण नाही. पण सगळे एकमेकांचे सोयरे. तुमची बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. फार तर उपासनेची वेळ बदला.

महिन्याभरात नवं स्थळ बघू नका. हे आईवडिलांनाही सांगतेय.

"ती सैतानाच्या नादी लागली" हे बोलणं बंद. तिला नाही म्हणायचं होतं, ती म्हणाली.

पाळकांना रोज रात्री अकराला फोन करू नका. त्यांनाही घरदार आहे.

मित्रांनो, तुम्ही वचनं फॉरवर्ड करणं थांबवा. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री नुसते जवळ बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, उठवून दोनदा खाऊ घातलं आणि मधे झोपू दिलं. मी मुलांना आधी तर्रीपोहे खायला नेते. प्लेट संपेपर्यंत विषय काढत नाही.

डॉक्टरला टाळणं

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, तर प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडे जा. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या लागतात, असं सांगणारे एक काका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांची बीपीची गोळी मात्र कधी चुकत नाही. पहिल्या वेळी एकट्याने जायला जड जातं, कोणाला तरी सोबत न्या. मला सांगितलंत तर मी येईन, फक्त रविवारची सकाळ सोडून.