पुनर्बांधणीतल्या बास्केटबॉल संघाचा प्रमुख निवडण्यापूर्वी: मालकाने करायची तयारी

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात हंगामपूर्व दोन सामने झाले. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने भारतात होण्याची ती पहिलीच वेळ होती. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले, त्यामुळे माझ्यासारखा मराठी प्रेक्षक या संघाकडे आपुलकीने पाहतो, आणि २००६ नंतर सलग १६ हंगाम हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचू शकला नाही याचे दुःखही त्याला होते. संघ पुन्हा उभा करायचा असेल तर ज्याला तिकडे फ्रंट ऑफिस म्हणतात त्याचा प्रमुख, म्हणजे खेळाडू निवडणारा, विकणारा आणि प्रशिक्षक नेमणारा माणूस, कसा शोधावा याची ही तयारीची यादी प्रामुख्याने किंग्जच्या अनुभवावर बेतलेली आहे.

उमेदवारांची नावे काढण्याआधी मालकाने आणि त्याच्या भागीदारांनी एकत्र बसून एक टिपण लिहावे. किती हंगाम हरण्याची आपली तयारी आहे (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते), त्या काळात उत्पन्नातली किती घट आपण सोसू शकतो, आणि कोणता खेळाडू काहीही झाले तरी सोडायचा नाही, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात स्पष्ट शब्दांत असावीत. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने मे २०१३ मध्ये सॅम हिंकी यांना फ्रंट ऑफिसचे प्रमुख म्हणून आणले आणि पुढच्या तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. डिसेंबर २०१५ मध्ये जेरी कोलांजेलो यांना वरच्या पदावर आणले गेले, एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला, आणि त्यांच्यानंतर जेरींचे चिरंजीव ब्रायन सूत्रे हाती घेऊन बसले. पुढच्या ड्राफ्टसाठी आज हार सोसण्याची हिंकींची पद्धत योग्य की अयोग्य हा वाद अजून संपलेला नाही, पण इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी २०१४ मध्ये निवडलेला जोएल एंबीड, जो पुढे २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हिंकी गेले तोपर्यंत दुखापतीमुळे एकही सामना खेळला नव्हता. ज्या योजनेचे पीक तीन वर्षांनी हाती येणार, तिच्यासाठी नेमलेल्या माणसाला तिसऱ्याच वर्षी जाब विचारायचा असेल तर ती योजना मुळात स्वीकारूच नये, आणि हे नेमणुकीआधीच ठरलेले असावे.

त्यानंतर नेमणुकांचा क्रम ठरवावा. या मुद्द्यावर मी थोडा अधिक थांबतो, कारण किंग्जचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले असे माझे मत आहे. २०१३ मध्ये रणदिवे यांनी संघ घेतला, तो सॅक्रामेंटोतच ठेवला, आणि त्याबद्दल त्या शहराने त्यांचे ऋण मानले. पण त्यांनी मायकल मलोन यांना प्रशिक्षक म्हणून आधी नेमले आणि जनरल मॅनेजर पीट डी'अलेसांड्रो यांना नंतर. आधी कळस मग पाया असा हा प्रकार होता. ज्याने प्रशिक्षकाला निवडलेच नाही, त्याच्यावर त्या प्रशिक्षकासाठी खेळाडू जमवण्याची जबाबदारी आली. डिसेंबर २०१४ मध्ये, प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराच्या आजारातून सावरत असताना, ११ विजय आणि १३ पराभव या टप्प्यावर मलोन यांना काढून टाकण्यात आले. त्याच हंगामात टायरोन कॉर्बिन आणि मग जॉर्ज कार्ल असे आणखी दोन प्रशिक्षक आले. मार्च २०१५ मध्ये व्लादे दिवाच यांना उपाध्यक्ष करण्यात आले तेव्हा डी'अलेसांड्रो अजून पदावरच होते, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी झाल्या, आणि काही महिन्यांत डी'अलेसांड्रो निघून गेले. मलोन यांनी पुढे २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सला विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा दोष केवळ त्यांच्या कुवतीचा होता असे म्हणता येणार नाही. म्हणून यादीत ठळक अक्षरांत लिहावे की आधी बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष, मग त्याने निवडलेला जनरल मॅनेजर, मग त्या दोघांनी निवडलेला प्रशिक्षक. आणि सध्याचा प्रशिक्षक ठेवायचा की नाही हा निर्णयही नव्या अध्यक्षाचाच. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२४ मध्ये हे पाळले. मॉन्टी विल्यम्स यांच्याशी केलेल्या सहा वर्षांच्या, ७८.५ दशलक्ष डॉलरच्या कराराचे एकच वर्ष सरले होते. तरीही ट्रेजन लँगडन अध्यक्ष म्हणून आल्यावर काही आठवड्यांतच विल्यम्स यांना निरोप देण्यात आला आणि जे. बी. बिकरस्टाफ आले. मालकाला तो खर्च जड गेला असेल, पण २०२३-२४ मध्ये १४ विजय आणि ६८ पराभव नोंदवणारा, सलग २८ सामने हरलेला संघ पुढच्याच हंगामात ४४ सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोहोचला.

तिसरी तयारी हिशेबाची आहे. प्रत्येक उमेदवाराला भेटीपूर्वी संघाचा खरा ताळेबंद द्यावा: कोणाचा करार कधी संपतो, पुढच्या सात वर्षांतले कोणते ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचे हक्क, आपले आहेत, कोणते दुसऱ्याला दिले आहेत, आणि कुठे अदलाबदलीचा हक्क, म्हणजे आपले पिक वरचे निघाल्यास स्वतःचे देऊन ते घेण्याचा हक्क, दुसऱ्याकडे आहे. एनबीएच्या नियमानुसार येणाऱ्या दोन लागोपाठच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक संघ गमावू शकत नाही, आणि सात वर्षांपलीकडचे पिक विकता येत नाही, त्यामुळे एक चुकीचा सौदा पुढच्या अनेक सौद्यांचे हात बांधतो. जुलै २०१५ मध्ये सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, जागा करण्यासाठी किंग्जने फिलाडेल्फियाला तीन खेळाडू, २०१९ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१६ व २०१७ मधील अदलाबदलीचा हक्क देऊन टाकला. २०१७ मध्ये किंग्जच्या नशिबी तिसरा क्रमांक आला, तो या हक्काने फिलाडेल्फियाकडे गेला, तिथून बोस्टनकडे, आणि बोस्टनने त्यावर पुढे लीगचा तारा ठरलेल्या जेसन टेटमला घेतले. किंग्जना पाचव्या क्रमांकावर डीएरॉन फॉक्स मिळाला हे त्यांचे सुदैव. ताळेबंद हाती असताना उमेदवार काय म्हणतो ते नीट ऐकावे. २०१६ मध्ये शॉन मार्क्स ब्रुकलिन नेट्समध्ये आले तेव्हा केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी केलेल्या २०१३ च्या सौद्यामुळे संघाचे स्वतःचे चांगले पिक बोस्टनकडे गेलेले होते. हरूनही काही मिळणार नाही अशी ती स्थिती होती. मार्क्स यांनी ड्राफ्टच्या विसाव्या-बाविसाव्या क्रमांकावरून कॅरिस लेव्हर्ट आणि जॅरेट अ‍ॅलन मिळवले, लेकर्सचा नकोसा करार अंगावर घेऊन त्या मोबदल्यात डी'अँजेलो रसेल आणला, आणि २०१८-१९ मध्ये ४२ विजयांसह प्लेऑफ गाठले. रिकाम्या तिजोरीतही काय करता येईल हे ज्याला सांगता येते, तोच उमेदवार विचारात घेण्यासारखा आहे.

लॉटरीवर, म्हणजे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीवर, योजना उभी करणाऱ्या उमेदवाराला मात्र सावधपणे तपासावे. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्केच असते. २०२५ मध्ये सर्वांत वाईट कामगिरी करणारा युटा जॅझ पाचव्या क्रमांकावर घसरला आणि १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक मिळाला.

मुलाखतीत नावापेक्षा निर्णयांकडे पाहावे. फिल जॅक्सन यांच्या नावावर प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदे होती, पण संघ घडवण्याच्या कामाचा अनुभव नव्हता. न्यूयॉर्क निक्सने मार्च २०१४ मध्ये त्यांना अध्यक्ष केले आणि जून २०१७ मध्ये त्यांची वाट वेगळी झाली. उलट सॅम प्रेस्टी २००७ मध्ये सिएटलला आले, तेव्हा जेमतेम तिशीचे, सॅन अँटोनिओच्या व्यवस्थापनात घडलेले. संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला तरी ते तिथेच राहिले. ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन यांना त्यांनी निवडले. जुलै २०१९ मध्ये त्यांनी पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर व पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले, ज्यातल्या एकावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये संघ विजेता ठरला. पण केवळ चांगल्या घराण्यातून आला म्हणून माणूस चांगला ठरत नाही. आधीच्या संघात कोणता निर्णय तुमचा स्वतःचा होता, कोणत्या निर्णयाला तुमचा विरोध होता आणि तुम्ही तो कोणासमोर मांडला, हे नेमकेपणाने विचारावे आणि तिथल्या सहकाऱ्यांकडून पडताळून घ्यावे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर किंग्जने मार्विन बॅगलीला घेतले आणि युरोपात घडलेला, पुढे लीगमधल्या अव्वल खेळाडूंत गणला गेलेला लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर गेला. दिवाच स्वतः सर्बियाचे, युरोपातला खेळ जवळून ओळखणारे, तरीही हा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्यामुळे उमेदवाराला विचारावे की ड्राफ्टच्या रात्रीआधी विरोधी मत लिहून ठेवण्याची तुमची पद्धत काय, आणि शेवटचा शब्द तुमचाच असताना तुम्ही तुमच्या आवडीला आवर कसा घालता.

प्रमुखाबरोबर येणाऱ्या माणसांची, म्हणजे खेळाडू हेरणारे स्काउट, वैद्यकीय विभाग, आकडेवारीचे अभ्यासक आणि करारांचे नियम जाणणारा तज्ज्ञ यांची, तरतूद अंदाजपत्रकात आधीच असावी. वेळापत्रकही पाहावे: ड्राफ्ट जूनच्या अखेरीस आणि करार संपलेल्या खेळाडूंची मुक्त बाजारपेठ त्याच सुमारास उघडते, म्हणून नेमणूक शक्यतो एप्रिल-मे मध्ये व्हावी. डी'अलेसांड्रो यांच्या हाती २०१३ च्या ड्राफ्टपूर्वी दोन आठवडेही नव्हते.

शेवटी टिपणात एक परिच्छेद यशानंतरच्या काळासाठी लिहावा. सप्टेंबर २०२० मध्ये किंग्जने माँटे मॅकनेअर यांना जनरल मॅनेजर म्हणून आणले. २०२२-२३ मध्ये संघाने ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरा आला, मॅकनेअर वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापक आणि माइक ब्राउन सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. प्लेऑफमधली गोल्डन स्टेटविरुद्धची मालिका ते सातव्या सामन्यात हरले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढण्यात आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला गेला आणि एप्रिलमध्ये मॅकनेअरही गेले. पहिल्या प्लेऑफनंतर प्रगती कशी मोजायची, पुढचा हंगाम थोडा खाली आला तर किती वाट पाहायची, आणि प्रशिक्षक बदलण्याचा शेवटचा अधिकार कोणाचा, हे त्या परिच्छेदात असावे. त्यावर मालक आणि नवा प्रमुख, दोघांची सही घ्यावी, आणि संघ प्रथमच प्लेऑफमध्ये जाईल त्या उन्हाळ्यात दोघांनी तो एकत्र बसून पुन्हा वाचावा.