सतरा शेळ्यांचं कोडं कसं घालावं

वेळ अमावास्येच्या सणाला शेतात जेवणं उरकली, मंडळी सावलीला टेकली की हे कोडं घाला. मूळ कोडं उंटांचं, पण आपल्याकडं उस्मानाबादी शेळ्या घेतल्या की लगेच डोळ्यासमोर येतं. बापाकडं 17 शेळ्या. थोरल्याला निम्म्या, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. शेळी कापायची नाही, विकायची नाही. वाटणी कशी करायची?

नुसतं तोंडी सांगू नका. 17 चिंचोके मांडा, अठरावा मुठीत ठेवा. दहा मिनिटं तरी लोकांना झगडू द्या. उत्तराची घाई केली की सगळी मजा जाते. मग ‘शेजाऱ्याची एक शेळी घेऊ’ म्हणत मुठीतला चिंचोका त्यात टाका. 18 चे निम्मे 9, तिसरा हिस्सा 6, नववा 2. बेरीज 17. उरलेली शेळी शेजाऱ्याला परत!

असं कसं झालं, हे कुणीतरी विचारणारच. ते हिस्से मुळात पूर्ण भरतच नाहीत: 9/18, 6/18 आणि 2/18 मिळून 17/18 होतात. उरलेला तुकडाही तिघांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकाला हक्कापेक्षा थोडं जास्तच मिळतं. हेच हिस्से ठेवून 19 शेळ्या घेतल्या तर कोडं फसतं. लेकरांसाठी 7 शेळ्या बऱ्या. हिस्से निम्मे, चौथा, आठवा. 11 ला निम्मे, चौथा, सहावा चालतात.

आणि तिसरा हिस्सा उरलेल्यांतला नव्हे, एकूण शेळ्यांतला, हे आधीच बजावा.